रॅम जुळत नाही तेव्हा : कोकणात वर्कस्टेशन जोडणाऱ्यांसाठी

मशीन चालू होतं, पंखे गरगरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. नवं वर्कस्टेशन जोडताना असं झालं की पहिला संशय रॅमवर घ्यावा. मात्र रॅम बिघडलेली निघते ती क्वचित. बहुतेक वेळा ती मदरबोर्डाशी, प्रोसेसरशी किंवा शेजारच्या रॅमच्या पट्टीशी जुळत नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर माणूस पट्टी घेऊन दुकानात जातो आणि अर्ध्या तासात दुसरी लावून बघतो. गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्यात ती सोय नाही. रत्नागिरी-कुडाळकडे साधी ८ किंवा १६ जीबीची पट्टी मिळून जाईल. ४८ जीबीच्या पट्ट्यांची जोडी किंवा ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम मात्र मागवावी लागते, आणि पावसात घाटात दरड आली की पार्सल घाटमाथ्यावरच बसून राहतं. म्हणून ‘बदलून बघू’ इथे परवडत नाही. आधी कागदावर जुळवायचं, आणि अडलंच तर एका वेळी एकच गोष्ट बदलत कारण गाठायचं.

पुढचं सगळं ६४ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम लागणाऱ्या मशीनसाठी आहे. ड्रोनच्या फोटोंवरून बागेचा नकाशा करणारे, थ्रीडी रेंडर काढणारे आर्किटेक्ट, लग्नाचं फोर-के एडिटिंग करणारे स्टुडिओ यांना ते लागू पडेल. साध्या ऑफिसच्या पीसीला एवढी कटकट नसते.

## मागवण्याआधी

प्रोसेसर बनवणाऱ्याच्या साइटवरचं त्या मॉडेलचं पान, मदरबोर्डच्या पानावरची तपासलेल्या रॅमची यादी (तिला क्यूव्हीएल म्हणतात) आणि रॅमचा पूर्ण पार्ट नंबर, या तीन गोष्टी समोर ठेवा. तिन्ही एकमेकांत बसल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोसेसरच्या पानावर लोक फक्त वरचा मोठा आकडा वाचतात आणि फसतात. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स साठी दोन पट्ट्या लावल्या तर डीडीआर५-५२०० अधिकृत आहे (डीडीआर५ ही रॅमची पिढी, पुढचा आकडा तिचा वेग). चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. ९९५०एक्स ला दोन पट्ट्यांना ५६००, चारला पुन्हा ३६००च. दोन चॅनेलच्या (रॅम ते प्रोसेसर दोन वाटा असलेल्या) मशीनमध्ये ५६०० म्हणजे सेकंदाला ८९.६ जीबी आणि ३६०० म्हणजे ५७.६ जीबी. ‘६००० ची रॅम घेतली, चारही स्लॉट भरले, आता मशीन उठत नाही’ या तक्रारीचं उत्तर खरेदीच्या आधीपासून त्या पानावर छापलेलं असतं. पाकिटावरच्या ६००० ची खात्री रॅमवाला देतो, प्रोसेसरवाला नाही. तो वेग ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवण्यात मोडतो.

म्हणून सरळ नियम ठेवा : साध्या डेस्कटॉप सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) दोनच पट्ट्या. ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोन, ९६ हवी तर ४८ च्या दोन. १२८ साठी ६४ च्या दोन मिळतात, पण बोर्डाच्या बायोसच्या (बोर्डातच भरलेला मूळ प्रोग्राम) कोणत्या आवृत्तीपासून त्या चालतात हे आधी बघा. ‘आत्ता दोन घेऊ, पुढच्या वर्षी तशाच आणखी दोन’ हा बेत मनातून काढून टाका. पुढच्या वर्षी त्याच नावाच्या पट्टीत दुसऱ्या कंपनीच्या चिपा असू शकतात. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन या तिघांचे स्वभाव वेगळे, आणि पार्ट नंबर तोच राहूनही आतला माल बदलतो. एका किटमधल्या पट्ट्या एकत्र तपासून पॅक केलेल्या असतात. दोन वेगवेगळ्या पाकिटांतल्या पट्ट्यांना ती खात्री लागू नाही, दोन्ही पाकिटं एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतली तरी.

५१२ जीबी लागणार असेल किंवा २५६ जीबी चांगल्या वेगाने हवी असेल तर सॉकेटच बदलावं लागतं, आणि तिथे रॅमची जातही बदलते. थ्रेडरिपर ७००० मालिका आणि झिऑन डब्ल्यू-२४०० व ३४०० यांना डीडीआर५ आरडीआयएमएम, म्हणजे रजिस्टर्ड (सिग्नल सावरणारी जादा चिप असलेली) रॅमच लागते. साधी चालतच नाही. टीआरएक्स५० बोर्डावर चार चॅनेल असतात, डब्ल्यूआरएक्स९० वर आठ. चार चॅनेलच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावल्या तर मशीन उठेल, पण ज्या वेगासाठी एवढे पैसे मोजले तो अर्धाच मिळेल.

## लेबल वाचायला शिका

पट्टीवरच्या चिकटपट्टीवर ‘१६जीबी २आरएक्स८ पीसी४-३२००एए-यू’ अशी ओळ असते. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिटांची. रँक म्हणजे ६४ बिटांचा एक पूर्ण संच, म्हणून ८ चिपांची एक रँक होते. पट्टीवर फक्त ४ चिपा दिसल्या आणि लेबलवर ‘१आरएक्स१६’ असलं तर ती स्वस्तातली आणि कामाला थोडी मंद पट्टी समजा. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ‘पीसी५’ म्हणजे डीडीआर५.

वेगाच्या पुढच्या आडव्या रेघेनंतरचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. यू म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम. ई म्हणजे साधीच, पण ईसीसी असलेली. आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड, एस म्हणजे लॅपटॉपची. सर्व्हरमधून काढलेली जुनी डीडीआर४ रॅम बाजारात फार स्वस्त मिळते, आणि तिथेच माणूस घसरतो. डीडीआर४ मध्ये साधी आणि रजिस्टर्ड दोघींना २८८ पिना आणि खाचही त्याच जागी. पट्टी स्लॉटमध्ये मजेत बसते, खटकाही लागतो, पण डेस्कटॉप बोर्ड ती वाचूच शकत नाही. डीडीआर५ मध्ये ही अडचण सुटली. रजिस्टर्ड आणि साध्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, कारण एकीला १२ व्होल्ट लागतात आणि दुसरीला ५. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती बसू नये अशीच केलेली आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाचही निराळी. काही प्रोसेसर दोन्ही चालवतात, उदाहरणार्थ इंटेलची १२वी ते १४वी पिढी. पण बोर्ड त्यातला एकच प्रकार घेतो. बोर्डाच्या नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ आहे का, ते बघूनच ऑर्डर द्या.

दुकानदाराला फोनवर ‘दादा, ६४ जीबी रॅम पाठवा’ असं सांगितलं तर जे शिल्लक असेल ते येईल. असं सांगा : ‘भाऊ, डीडीआर५, डेस्कटॉपची, ५६००, ३२ च्या दोन पट्ट्यांचं सीलबंद किट. पार्ट नंबर व्हॉट्सॲपवर टाकलाय, तोच पाहिजे. नसेल तर पाठवू नका, आधी फोन करा.’ गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकरवी मागवत असाल तरी हाच मजकूर त्याला लिहून द्या. तो तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसला की दुरुस्ती नाही.

## जोडणीच्या दिवशी

पट्टी हातात घेण्याआधी वीज बघा. बायोस अपडेट होत असताना किंवा रॅमचं ट्रेनिंग (ते काय, हे पुढे येतं) चालू असताना लाइट गेली तर निदानाचा सगळा धागा तुटतो, आणि अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. यूपीएस लावा, त्याची बॅटरी जिवंत आहे याची खात्री करा, मगच पुढे. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यासाठी धरू नका. चांगल्या एसएमपीएसना (पॉवर सप्लाय) तो मानवत नाही आणि लाइट जाता-येताना मशीन रिस्टार्ट मारतं. ते रिस्टार्ट मग रॅमच्या नावावर खपतं.

अर्थिंगचंही तेच. जांभ्याच्या सड्यावर घर असेल तर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का बघा, आणि मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजा. तो २-३ व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्थिर विजेची भीती इथल्या दमट हवेत पुण्यापेक्षा कमी, तरी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच पट्टी उचला आणि सोनेरी पिनांना बोट लावू नका. घामातलं मीठ तिथेच राहतं.

बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधी टेबलावर, त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवून बघा. प्रोसेसर, कूलर, एक पट्टी, एसएमपीएस आणि डिस्प्लेची केबल, बस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लागेल.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या कुठे लावायच्या? प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक बोर्डांवर ए२ आणि बी२. बोर्डातल्या तारा शेवटच्या स्लॉटपर्यंत गेलेल्या असतात. पट्टी अलीकडच्या स्लॉटमध्ये लावली तर पुढचं रिकामं टोक सिग्नल परत फेकतं, आणि जास्त वेगाला ते सोसत नाही. चार किंवा आठ चॅनेलच्या बोर्डावर मात्र अंदाज नको, पुस्तिकेतला तक्ताच उघडा.

बसवताना खाच जुळवा, पट्टी उभी सरळ धरा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि आधी एक टोक, मग दुसरं, असं दाबा. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. त्या बाजूचा ‘टक्’ ऐकू येतो आणि माणूस समजतो काम झालं. दुसरं टोक मिलिमीटरभर वरच राहिलेलं असतं. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून पट्टीची खालची कड स्लॉटला समांतर आहे का, सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखीच बुडाली आहे का, हे बघा. डिस्प्ले न येण्याच्या तक्रारींतला मोठा वाटा या मिलिमीटरचा असतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर घाई करू नका. डीडीआर५ मशीन पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रत्येक तारेवरचा सिग्नल कधी वाचायचा ते स्वतः जुळवून घेतं. तोवर पडदा काळा राहतो. दोन ते पाच मिनिटं सर्रास लागतात, १२८ जीबी किंवा जास्त असेल तर दहा-पंधराही. मध्येच एकदा आपोआप रिस्टार्ट होणंही धरून चाला. अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद करणारा माणूस तेच ट्रेनिंग पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करवतो आणि रॅमला शिव्या देतो. चालू करा, घड्याळ लावा, चहा टाका.

## डिस्प्ले आलाच नाही तर

पंधरा मिनिटं थांबूनही काही नाही, तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार असतात. डीरॅमचा दिवा अडकून राहिला असेल तर आपण योग्य वाटेवर आहोत. काही बोर्डांवर दोन अंकी कोड दिसतो. एएमआय बायोसच्या यादीत ५० म्हणजे रॅमचा प्रकार किंवा वेग चालत नाही, ५१ म्हणजे पट्टीवरची माहितीची चिप वाचता आली नाही, ५२ म्हणजे आकार चुकीचा किंवा पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत, ५३ म्हणजे वापरता येईल अशी रॅम सापडली नाही, ५५ म्हणजे रॅम लावलेलीच नाही. ५५ आला आणि पट्टी डोळ्यांसमोर बसलेली असली तर ती नीट बसलेली नाही, किंवा प्रोसेसरखालची पिन वाकली आहे. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेतली यादी वेगळी असेल तर ती प्रमाण.

पुढचा क्रम मोडू नका.

१. वायर काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी ए२ मध्ये बसवा, चालू करा, पुन्हा पंधरा मिनिटं द्या.

२. नाही उठलं तर बायोसची सेटिंग पुसा. मशीन बंद, वायर काढलेली, बोर्डावरच्या सीएमओएस पुसायच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवा.

३. दुसरी पट्टी त्याच ए२ मध्ये. मग पहिली बी२ मध्ये. दोन पट्ट्या, दोन स्लॉट, चार प्रयोग. प्रत्येकाचा निकाल वहीत लिहा, कारण चौथ्या प्रयोगाला पहिला आठवत नाही. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटला चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर.

४. चारही नापास झाले तर बायोस अपडेट. बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल तर त्याचा बायोस तुमच्या प्रोसेसरहून किंवा रॅमहून जुना असू शकतो. २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या २०२३ मध्ये बाजारात आल्या, त्याआधीच्या बायोसवर त्या चालतील अशी अपेक्षा धरू नका.

डिस्प्लेच नसताना अपडेट करायला फ्लॅशबॅकचं बटण कामाला येतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल झिपमधून काढून त्यावर टाका, पुस्तिकेत सांगितलेलं नाव तिला द्या (इथेच निम्मे लोक चुकतात) आणि खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावा. बोर्डाला २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर जोडलेली हवी. रॅम किंवा प्रोसेसर लागत नाही. बटण तीन-चार सेकंद दाबा, दिवा लुकलुकू लागेल. तो थांबेपर्यंत, साधारण पाच ते आठ मिनिटं, कशालाही हात नको. मशीनवर आधीच विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते.

५. तरीही नाही, तर कूलर काढून सॉकेट बघा. हे शेवटी ठेवलंय कारण काम किचकट आहे, कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्टही नवी लावावी लागते, आणि घाईत पिना वाकवणारे बहुतेक इथेच वाकवतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सतराशे-अठराशे पिनांच्या जाळीवर उजेड एकसारखा परतायला हवा. एखादी पिन वेगळी चमकली किंवा काळी दिसली तर ती वाकलेली किंवा मळलेली. पेस्टचा कणही तेवढाच त्रास देतो.

## मशीन उठलं, पण रॅम अर्धीच दिसते

६४ लावली आणि ३२ दिसते. किंवा विंडोज ६४ सांगतं, पण त्यातली निम्मी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ दाखवतं. आधी बायोसच्या पहिल्या पडद्यावर किती दिसते ते बघा. तिथे पूर्ण असेल तर गोष्ट विंडोजची : सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट पर्यायांत कमाल मेमरीवर टिकमार्क राहिला असेल, तो काढा. होम आवृत्ती १२८ जीबीपर्यंतच रॅम वापरते, त्याहून जास्त लावली असेल तर प्रो घ्या.

बायोसमध्येच अर्धी दिसत असेल आणि दोन्ही पट्ट्या एकट्या-एकट्या ए२ मध्ये चालत असतील, तर एक अख्खं चॅनेल गायब आहे. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरपर्यंत जातात, त्यामुळे प्रोसेसर सॉकेटवर एका बाजूला कमी दाबला गेला की चॅनेल सुटतं. कूलरचे स्क्रू एकेक करून पूर्ण कसले की हे होतं. चारही स्क्रू सैल करा आणि समोरासमोरचे, प्रत्येक वेळी अर्धा फेरा, असे आवळत जा. यात वाटतं त्यापेक्षा जास्त मशीन सुधारतात, आणि खर्च पेस्टच्या ट्यूबपुरता.

## चालतं, पण मध्येच कोसळतं

सगळ्यात छळणारा प्रकार हाच. मशीन उठतं, दिवसभर नीट चालतं आणि सहा तासांच्या रेंडरच्या पाचव्या तासाला निळा पडदा. किंवा त्याहून वाईट : पडदा येत नाही, पण फाइल खराब होते आणि चार दिवसांनी कळतं.

डब्यातून काढलेली रॅम सुरक्षित, कमी वेगाला चालते. पाकिटावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये इंटेलसाठी एक्सएमपी आणि एएमडीसाठी एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. डीडीआर५ चा मूळ व्होल्टेज १.१, प्रोफाइलमध्ये तो १.२५ ते १.४ पर्यंत जातो. डीडीआर४ मध्ये १.२ वरून १.३५. सीपीयू-झेड मध्ये ५६०० ऐवजी २८०० दिसलं तर घाबरू नका. तो प्रोग्राम घड्याळाची फ्रिक्वेन्सी दाखवतो आणि डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती नेते.

आधी प्रोफाइल बंद ठेवूनच तपासणी करा. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि चार फेऱ्या होऊ द्या. डीडीआर५ साठी मेमटेस्ट८६+ ची ६ किंवा पुढची आवृत्ती घ्या. ६४ जीबीला तास जातात, म्हणून रात्री लावा, यूपीएसवर. चुकांचा आकडा शून्यच हवा. ‘एवढ्या जीबीत एकच चूक आली, चालायचंच’ असं नसतं. प्रोफाइल बंद असताना चूक आली तर पट्टी, स्लॉट किंवा प्रोसेसर यातलं काहीतरी खरंच खराब आहे, वरचे चार प्रयोग करा. बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर चुका, तर पट्टी बहुधा निर्दोष असून वेग जास्त झालाय. अशी पट्टी परत पाठवून सहसा काही मिळत नाही. बदलून आलेलीही बहुधा तशीच वागेल.

मग वेग उतरवा. प्रोफाइल चालूच ठेवा, टायमिंग (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते आकडे) तसंच राहू द्या आणि ६००० चे ५६००, मग ५२००. प्रत्येक पायरीवर पुन्हा चाचणी. रायझन ७००० आणि ९००० मध्ये ६००० च्या वर जाण्याचा हट्ट करू नका, तिथून पुढे मेमरी कंट्रोलर बहुधा अर्ध्या वेगाला टाकावा लागतो आणि फायदा उरत नाही. चार पट्ट्या लावाव्याच लागल्या तर ३६०० पासून सुरुवात करा आणि पायरीपायरीने वर चढा. ४८०० ला स्थिर राहिलं तर तिथे थांबा.

व्होल्टेज वाढवून वेग टिकवण्याचा मोह होईल. एएम५ वर (रायझन ७००० आणि ९००० चं सॉकेट) एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरच्या भागाचा व्होल्टेज, १.३० च्या वर नेऊ नका. २०२३ च्या वसंतात प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने बायोसमधूनच ही मर्यादा घातली. बोर्डावर त्याआधीचा बायोस असेल तर आधी अपडेट, मग एक्स्पो. निदान चालू असेतोवर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ बंद ठेवा. त्याने बूट लवकर होतं, पण जुनंच ट्रेनिंग पुन्हा वापरलं जातं आणि तुमच्या बदलाचा खरा निकाल दिसत नाही.

मेमटेस्ट पास, तरी विंडोजमध्ये कोसळतं? मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. खऱ्या कामात तेच कार्ड गरम हवा थेट पट्ट्यांवर फेकतं. मे महिन्यात बंद खोलीत हे हमखास दिसतं. ओसीसीटी या प्रोग्रामची मेमरी चाचणी आणि ग्राफिक्सचं काम एकत्र तासभर चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये पट्टीचं तापमान बघा. घट्ट टायमिंगच्या डीडीआर५ पट्ट्या ५५-६० अंशांच्या पुढे चुका करू लागतात. पट्ट्यांवर हवा जाईल असा १२० मिमीचा एक पंखा पुरतो. रजिस्टर्ड रॅमच्या मशीनला वॉटर कूलर लावला असेल तर हा पंखा सक्तीचाच धरा, कारण सॉकेटभोवती हवा हलवणारं दुसरं काही उरत नाही.

## ईसीसी लावली, पण चालू आहे का?

ईसीसीची पट्टी लावल्याने ईसीसी चालू होतेच असं नाही. प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनी साथ द्यावी लागते. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. एएम५ वर बोर्ड बनवणाऱ्याने पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहिलेलं असतं, तिला भुलू नका. ती चिपेच्या पोटातली दुरुस्ती आहे, पट्टी ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही. खात्री करायला मेमटेस्ट८६ चा पहिला पडदा बघा, तिथे ईसीसी चालू की बंद ते येतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदींत मेमरीच्या दुरुस्त झालेल्या चुका वाढत असतील तर ती पट्टी आजारी पडत चालली आहे.

## दोन पावसाळ्यांनंतर

वर्ष-दोन वर्षं नीट चाललेलं मशीन ऑगस्टमध्ये अचानक डीरॅमचा दिवा दाखवू लागलं, तर कोकणात पहिला संशय खाऱ्या हवेवर. पिनांवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यातल्या बारीक छिद्रांतून मीठ-ओल खालच्या धातूपर्यंत पोचते आणि पांढुरकी किंवा हिरवट पूड वर येते. पट्टी काढा आणि पिना उजेडात तिरक्या धरून बघा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन वरून खाली एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दुकानात सर्रास खोडरबर घासतात. पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने एकदा चालेल. दरवर्षी घासाल तर सोनं उरणार नाही, आणि भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवा त्रास. स्लॉट फक्त हवेने फुंकून साफ करा. तोंडाने नाही, थुंकीचा तुषार जातो.

मशीन खाडीकडच्या खिडकीखाली ठेवू नका, आणि पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू करा. आतली ऊब ओल हटवते. सुटी पट्टी अँटिस्टॅटिक पिशवीत, तिच्यावर झिपची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी.

## परत पाठवायची वेळ आली तर

चार प्रयोगांत चूक पट्टीबरोबर फिरली, तीही प्रोफाइल बंद असताना, तर ती वॉरंटीत द्या. दोन्ही पट्ट्यांच्या लेबलांचे फोटो, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि बिल एकत्र ठेवा. किट घेतलं असेल तर बऱ्याच कंपन्या दोन्ही पट्ट्या मागतात. एकच पाठवली तर पार्सल परत येतं. पाठवण्याआधी पिना पुसून घ्या, हिरवी पूड दिसली तर ‘गंज’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते. आणि तोवर काम अडू नये म्हणून जवळच्या दुकानातून बोर्डाला चालेल अशी साधी १६ जीबीची एक पट्टी आणून ए२ मध्ये लावा. मशीन मंद चालेल, पण बोर्ड-प्रोसेसर ठीक आहेत याचा पुरावाही तीच देईल. नवं किट आलं की ती काढून ठेवा, दोन्ही मिसळून लावू नका.